वैनगंगेच्या वाळूत थरचं वाळवंट : दोघांची झुंज मोबाईलवर शूट कशी करायची

दोन उन्हाळे घालवून आम्ही गडचिरोली जिल्ह्यातल्या वडश्याजवळ वैनगंगेच्या पात्रात एक सात मिनिटांची फिल्म केली. गोष्ट एवढुशी, राजस्थानातल्या थर वाळवंटात दोन मेंढपाळ, एक पाण्याची मशक (कातड्याची पिशवी), आणि त्या मशकीवरून जीव जाईपर्यंत मारामारी. पहिल्या उन्हाळ्याचं सगळं शूटिंग फेकून द्यावं लागलं, दुसऱ्या वर्षी जमलं. त्यानंतर आजूबाजूचे पोट्टे सारखे विचारून राहिले की भाऊ ते वाळवंट कुठलं, जैसलमेरला गेले होते का, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू.

पहिल्या वर्षी आमची चूक काय झाली तर आम्ही चार मिनिटांची फाईट बसवली होती. उड्या, गिरक्या, लाथा, सगळं. गावच्या आखाड्यात मस्त दिसायचं. नदीत गेलो आणि पहिल्याच उडीला आमचा हिरो घोट्यापर्यंत रुतला, दुसऱ्या लाथेला स्वतःच पाठीवर पडला, आणि दीड मिनिटात दोघंही धापा टाकत बसले. तेव्हा डोक्यात उजेड पडला की वाळवंटात माणूस समोरच्याशी कमी आणि वाळूशी जास्त लढते. मऊ वाळूत नुसतं चालायलाच कडक जमिनीपेक्षा दुप्पट-अडीचपट ताकद जाते, मग तिथं कोणी चार मिनिटं गिरक्या मारेल हे खोटंच ना. खाली जे जे सांगतो ते सगळं या एकाच गोष्टीवर उभं आहे.

आधी जागा

मे महिन्यात वैनगंगेचं पात्र उघडं पडते, वाळू भरपूर. पण फ्रेममध्ये काय काय येते ते पाहा: पलीकडच्या काठावरची आंब्याची झाडं, टरबुजाच्या वाड्या, विजेचे टॉवर, आणि वडसा-ब्रम्हपुरीच्या मधला रेल्वेचा पूल. थरच्या वाळवंटातून गोंदिया-बल्लारशा गाडी गेली तर कसं व्हायचं! यावर उपाय सोपा आहे, कॅमेरा जमिनीपासून एक वीतभर उंचीवर ठेवायचा आणि समोर वाळूचा एखादा उंचवटा घ्यायचा. कॅमेरा खाली गेला की उंचवटाच क्षितिज बनते आणि मागचं सगळं झाकल्या जाते. पाच फुटांचा ढीग पडद्यावर टेकडीएवढा दिसतो. वाइड शॉट दोनच ठेवा, बाकी सगळे दोनपट झूमवर.

जागा ठरली की आदल्या दिवशी दाताळं घेऊन वीतभर खोल वाळू उकरून पाहा. आम्हाला काय काय सापडलं सांगतो, बाटलीच्या काचा, मासे पकडायचे गळ, बाभळीचे काटे, आणि एक अख्खी चप्पल. त्यात जिथं मशीननं वाळू उपसली असते तिथं खोल डोह राहतात, वरून पाणी शांत दिसते आणि काठ ढासळते, तिकडे पाच मिनिटांच्या आंघोळीसाठीसुद्धा कोणाला जाऊ देऊ नका.

तहसीलमध्ये आणि पोलीस ठाण्यात एक साधा अर्ज देऊन ठेवा. आम्ही नव्हता दिला. काठावरून जाणाऱ्या एका काकांनी दोन माणसं एकमेकांच्या जिवावर उठलेली पाहिली आणि फोन लावला, मग अर्धा तास आम्ही सगळे जण मेकअपसकट, कपाळावर खोटं रक्त घेऊन, साहेबांना फिल्म समजावत उभे. हत्यार लाकडाचं होतं म्हणून हसण्यावारी गेलं. खरी तलवार असती तर काय झालं असतं विचार करा. त्यामुळे खरी तलवार, घरातली जुनी असली तरी, आणायचीच नाही. पत्र्याचीही नको, तिची कड हात कापते. सुताराकडून सागाची करून घ्या, कड गोल घासून, वर चंदेरी रंग. थरकडची तलवार वाकडी असते आणि मुठीच्या टोकाला ताटलीसारखी चकती असते, तेवढं सुताराला कागदावर काढून दाखवा. आमची झुंज शेवटी तलवारीपेक्षा जास्त वेळ काठीवरच चालली, मेंढपाळच ते.

वेळ

मे अखेरीस आपल्याकडे दुपारी बारा-सव्वाबाराला सूर्य जवळपास बरोबर डोक्यावर येते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो याच पंधरवड्यात असतो. सावली पायाखाली जाते, आणि चेहऱ्यावर कपाळाची सावली पडून डोळ्यांच्या जागी दोन काळे खड्डे दिसतात. पहिल्या वर्षीचं आमचं फुटेज असंच होतं, दोघंही भुतासारखे. वरून नवतपा सुरू झालेला. २५ मेपासूनच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत शूटिंग ठेवायचं डोकं कोणाचं होतं ते विचारू नका, माझंच होतं.

सकाळी साडेपाचला हजर राहा, पावणेसहाला पहिला शॉट, साडेआठला बंद. संध्याकाळी पाच ते पावणेसात. मध्ये घरी जाऊन झोपा. तिरप्या उन्हात वाळूच्या लाटा उठून दिसतात, माणसांच्या लांब सावल्या पडतात, आणि या सावल्याच फुकटची एक जोडी नट म्हणून वापरता येतात. आमचा सगळ्यात भारी शॉट तोच आहे, दोन सावल्या एकमेकीत घुसतात आणि माणसं फ्रेममध्ये नंतर येतात.

एक लक्षात ठेवा, सकाळची सावली आणि संध्याकाळची सावली उलट्या बाजूला पडते. एकच हाणामारी अर्धी सकाळी अर्धी संध्याकाळी घेतली तर एडिटिंगला रडाल. सकाळी सुरुवात, संध्याकाळी शेवट अशी वाटणी करा आणि मध्ये गोष्टीतच वेळ गेला असं दाखवा.

माणसं निवडणं

आमच्याकडे एक झाडीपट्टीच्या (आपल्या पूर्व विदर्भातल्या) नाटकात काम करणारा आणि एक तालमीतला, अशी जोडी होती. दोघांचे प्रॉब्लेम वेगळे. झाडीपट्टीवाल्याला रात्रभर मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची सवय, तो मार खाल्ल्यावर असा ओरडायचा की नदीपलीकडचे कुत्रे भुंकायचे. त्याला सांगावं लागलं, का गा, कॅमेरा तुझ्या नाकापासून चार हातांवर आहे, तो बहिरा नाही. तालमीतल्याचं उलटं, त्याला मारायचं खोटं जमतच नव्हतं, धरला की खरा पट काढायचा, म्हणजे पाय ओढून पाडायचा. पण खरं सांगू, वाळूत पहिलवानच कामाचा. वाळूत लाथ आणि गिरकी मरते, पण पट, ढाक, लंगडी हे कुस्तीचे डाव, गळ्यात हात घालून रेटणं हे सगळं चालते. सेनेगलमध्ये लाम्ब नावाची कुस्ती वाळूच्या आखाड्यात होते, सुदानमधली नुबा लोकांची कुस्तीही वाळूवरच, यूट्यूबवर दोन्ही पाहा. बराच वेळ दोघं नुसते हात पुढे करून एकमेकांना चाचपत फिरतात, आणि मग एका क्षणात धरपकड आणि खाली. वाळूतली झुंज अशी असते, वाट पाहणं जास्त, मारणं कमी.

फाईट बसवणं

आम्ही दुसऱ्या वर्षी अख्खी झुंज एक मिनिट दहा सेकंदांची केली. तिचे तीन तुकडे.

पहिला, धडक, वीस सेकंद. इथं दोघांत ताकद आहे. काठ्या, दोनच टोले, मग काठ्या सुटतात.

दुसरा, दमछाक, तीस सेकंद. फिल्मचा जीव इथं आहे. एक जण मारायला हात उचलतो आणि हात अर्ध्यातच खाली येतो. दोघं एकमेकांच्या खांद्यावर कपाळ टेकवून उभे राहतात, लांबून पाहणाऱ्याला वाटावं गळाभेट चालली आहे. मग एक जण हळूच दुसऱ्याचा पाय ओढतो. पोट्ट्यांना हा भाग आवडत नाही, म्हणतात स्लो वाटते बे. वाटू द्या.

तिसरा, शेवट, वीस सेकंद, रांगत. उभं कोणीच नाही.

प्रॅक्टिस कडक जमिनीवर करू नका, वाळूवरच करा, नाहीतर आमच्यासारखं होईल. आधी मोजून, एकदम हळू, एक-दोन-तीन म्हणत. मग अर्ध्या वेगात. शूटिंगलाही पाऊण वेगाच्या वर जायचं नाही, पूर्ण जोर कधीच नाही, कॅमेऱ्यात पाऊण वेग पूर्णच दिसते. प्रत्येक टोल्याआधी दोघांची नजरानजर झालीच पाहिजे, नजर मिळाली नाही तर टोला नाही, हा नियम मी वाळूवर बोटानं लिहून ठेवला होता. काठी डोक्यावर नाही तर खांद्याच्या बाहेरून दीड हात लांबून जाऊ द्या. कॅमेरा मारणाऱ्याच्या पाठीमागून असला तर ते अंतर दिसत नाही, बाजूनं असला तर लगेच पकडल्या जाते. आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत, दोघांना जोडणारी एक रेघ आहे असं समजा, सगळे शॉट त्या रेघेच्या एकाच बाजूनं घ्या, नाहीतर उजवीकडचा माणूस अचानक डावीकडे जाते आणि कोण कोणाला मारून राहिला हेच कळत नाही. आम्ही चुन्यानं काठावर दोन खुणा करून ठेवल्या होत्या, या खुणांच्या पलीकडे कॅमेरा जाणार नाही.

डोळ्यात वाळू फेकायचा सीन सगळ्यांना हवा असतो. खरी वाळू फेकू नका. आपल्या नदीची वाळू तर वाळवंटापेक्षाही वाईट, वाळवंटातला कण वाऱ्यानं घासून घासून गोल झालेला असते, नदीतला कोनदार राहते, बुबुळावर ओरखडा काढते. गव्हाचा कोंडा घ्या, तोही चेहऱ्याच्या बाजूनं फेका, समोरच्यानं आधीच डोळे मिटून घ्यायचे. याच कोनदार वाळूमुळे गुडघे सोलतात, म्हणून धोतराच्या आत गुडघ्याला क्रिकेटचे पॅड किंवा निदान जुन्या चादरीच्या घड्या बांधा.

वाळूच्या आठवणी

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. वाळू प्रत्येक टेक लक्षात ठेवते. पहिला टेक बिघडला, दुसरा घ्यायला गेलो, तर गोष्टीत दोघं पहिल्यांदा समोरासमोर येऊन राहिले आणि खाली चाळीस पावलांचे ठसे, त्यात एक बुटाचा. झाडून सारखं करावं म्हटलं तर तिरप्या उन्हात खराट्याच्या रेघा ठळक दिसतात.

म्हणून आम्ही वावरात वाफे पाडतात तसे पाच वाफे पाडले. म्हणजे खरे पाडले नाहीत, मनात पाडले आणि कडेला काड्या रोवल्या. एक टेक एका वाफ्यात, बिघडला की पुढच्यात. सगळ्यांनी कॅमेऱ्याच्या मागूनच यायचं, एकच पायवाट, चहावाल्यानंसुद्धा. रात्रभर वारा सुटला की सकाळी वाफे परत कोरे होतात, वर छान लहरी उमटलेल्या. वारा नसला तर खराट्यानं वाऱ्याच्या दिशेला आडवं, एकदम हलकं, माती झाडतो तसं नाही तर धूळ उडवतो तसं मारा आणि मागे मागे या. ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या मात्र खराट्यानं जात नाहीत, तिथं जागाच बदला.

कपडे आणि मेकअप

उघड्या छातीचा हिरो विसरा. थरकडे अंग झाकूनच फिरतात, सैल सुती, पूर्ण बाह्यांचं, डोक्याला साफा. राजस्थानात फलोदीला १९ मे २०१६ ला ५१ अंश नोंदवले होते, तिथं उघडा कोण फिरेल? आपल्याकडेही ४७ च्या वर पारा गेलेला आहे, आपल्या म्हाताऱ्या लोकांनाही कळते की दुपट्टा बांधल्याशिवाय बाहेर पडायचं नाही. साफ्याचं कापड आठ-नऊ मीटर लागते. बाजारातून आणायची गरज नाही, आजीचं नऊवारी लुगडं मापात बसते, फक्त काठ आत दुमडून घ्या. झटापटीत साफा सुटला तर सुटू द्या, आमचा सुटला आणि तोच पुढे गळ्याभोवती आला, ठरवलेलं नव्हतं.

घाम दाखवायला ग्लिसरीन मारतात, आम्ही मारलं, पाच मिनिटांत दोघांच्या तोंडाला वाळू चिकटून ते शेव लावलेल्या आलूबोंड्यासारखे दिसायला लागले. आणि तसंही कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, आला की उडते. मागे राहते ते मीठ. रोजच्या कामावरून आलेल्या माणसाच्या शर्टाच्या पाठीवर पांढरी वलयं असतात ना, तेच करायचं. गडद रंगाचा सदरा घ्या, मिठाचं घट्ट पाणी काखेत, पाठीवर, गळ्याजवळ शिंपडा, उन्हात वाळवा, दोन-तीनदा करा. ओठांना मुलतानी मातीचा पातळ हात, वाळली की भेगा पडतात. रक्तासाठी साखरेचा पाक वापरला तर माशा आणि मुंगळे तुमच्या नटापेक्षा जास्त अभिनय करतील. कॉर्नफ्लॉवर शिजवून त्यात लाल रंग आणि चिमूटभर कॉफी, कारण उन्हात रक्त लाल राहत नाही, तपकिरी होते.

मशक आम्ही ट्रॅक्टरच्या फुटक्या ट्यूबची केली, वर तेलकट माती चोळून. कोणाला कळलं नाही.

मोबाईल

एक्स्पोजर (फोन किती उजेड घेते ते) आणि फोकस लॉक करा. वाळू इतकी चमकते की फोन सगळं चित्र काळं करून टाकते आणि चेहरे जातात. चेहऱ्यावर उजेड फेकायला थर्माकोलची शीट पुरते, पण वारा असला तर एका माणसानं ती धरूनच बसायची. व्हाइट बॅलन्स पण लॉक, नाहीतर एक शॉट पिवळा एक निळा. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागापेक्षा वेगात ठेवलं तर उडणारा एकेक कण वेगळा दिसते, त्यासाठी फक्त वाळू उडायचे दोन शॉट सेकंदाला १२० फ्रेमवर, म्हणजे स्लो मोशनसाठी, घ्या. सगळी मारामारी स्लो मोशनमध्ये घेणाऱ्यांना माझा नमस्कार.

बहुतेक फोन ३५ अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात, त्यामुळे ४२ मध्ये तो बंद पडला तर कंपनीला शिव्या देऊ नका. कव्हर काढा, एअरप्लेन मोड, ब्राइटनेस कमी, शॉट झाला की सावलीत. बर्फावर ठेवायची आयडिया आमच्यात एकानं काढली होती, आत पाणी धरलं आणि दोन दिवस लेन्समागे धुकं. लेन्सवर वाळू बसली तर दुपट्ट्यानं पुसायचं नाही, रबरी फुग्यानं हवा मारायची, पुसलं की ओरखडे.

ऊन लागणं

हे वाचायचं टाळू नका. पहिल्या वर्षी अकरा वाजले तरी आम्ही शूट करतच होतो, आणि आमचा पहिलवान अचानक डायलॉग विसरायला लागला. आम्ही हसलो. मग तो म्हणाला, घरी जाऊ दे, म्हशी सोडायच्या आहेत, आणि त्याच्या घरी म्हशीच नाहीत. अंग तापलेलं आणि बोलणं भरकटलेलं, ऊन लागल्याची हीच खूण. त्याला सावलीत आणला, सदरा काढला, ओले दुपट्टे मानेला, काखेत, जांघेत, आणि दोघं जण पुठ्ठ्यानं वारा घालत. १०८ ला फोन लावला. वाचला म्हणून आज हसत लिहून राहिलो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका, श्वासात जाते.

दुसऱ्या वर्षी नियम केला: एका टेकनंतर दहा मिनिटं सावली, बांबू-ताडपत्रीचा मांडव आधी उभा आणि मग कॅमेरा. तासाला एका माणसाला लिटरभर पाणी धरून चला. नुसतं पाणीही नको, एक लिटरला सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, किंवा मठ्ठा, किंवा पन्हं. खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा, माझी आईही ठेवायला लावते, पण कांद्यानं पाण्याचं काम होत नाही.

आवाज

नदीत रेकॉर्ड केलेला आवाज वाऱ्यामुळे जातो, तो फक्त एडिटिंगला ताळमेळ लावायला ठेवा. सगळं घरी परत करा, रात्री, पंखा बंद करून, रजईखाली फोन ठेवून. पावलांसाठी परातीत वाळू आणि त्यात मूठ दाबायची, पाय नाही, मुठीचाच आवाज बरोबर येते. अंग पडल्याचा आवाज म्हणजे अर्धं भरलेलं धानाचं पोतं ओट्यावरून खाली. काठीच्या टोल्याला बाजेचे दोन पाये. एकदाच तलवार निघते, तिथं लोखंडी सराटा तव्याच्या कडेवर ओढला, आईनं दुसऱ्या दिवशी भाकर उलटताना तव्यावरची चर पाहिली आणि काही विचारलंच नाही, नुसतं माझ्याकडे पाहिलं.

शेवटच्या शॉटमध्ये मशक फाटते आणि पाणी वाळूत जाते. त्याचा आवाज कुठूनही मिळेना, नळाचा घेतला तर नळासारखाच वाटे. मग कोरडी वाळू तव्यावर गरम केली, माठात भरली, फोन माठाच्या तोंडाशी धरला आणि पेलाभर पाणी हळू सोडलं. आधी एक बारीक चरचर, मग वाळूतली हवा वर येताना फुटणारे दोन-चार बुडबुडे, मग काहीच नाही. चार सेकंदांचा आवाज आहे, त्यावर कुठलंही म्युझिक टाकलं नाही.